गभणे मॅडमचं भेव

गभणे मॅडमना भीती वाटायची आणि ती त्या लपवत नसत. शाळेसमोरचा रस्ता पोरं ओलांडू लागली की मॅडम मधोमध हात पसरून उभ्या राहत, मग समोरून नुसती सायकल येत का असेना. "मले भेव लागते बापा," असं त्या कुणालाही सांगत, मुख्याध्यापकांनासुद्धा. भूगोल शिकवणाऱ्या बाईला नागपूरच्या पुढचं जग धसका देतं, यावर आम्ही स्टाफरूममध्ये मनमुराद हसायचो.

म्हणून नववीच्या मुलींच्या सिंगापूर सहलीचं काम त्यांच्याकडे गेलं तेव्हा मी धास्तावले. माझी सायली त्या वर्गात होती. सोबतीला मीही जाणार होते, पण त्याने धीर काही आला नाही.

पालकसभेत मुख्याध्यापक 'काही होत नाही' हेच घोळवत राहिले आणि धानाची कामं टाकून आलेले बाप खाली माना घालून बसले. मग मॅडम उठल्या. विमानाचं भेव, गर्दीचं भेव, पोरगी तिकडे आजारी पडली तर काय याचं भेव, सगळं त्यांनी सांगून टाकलं. सिहोऱ्याचा एक बाप म्हणाला, "मॅडमले भेव हाये ना, मंग मी पोरगी धाडतो. ज्याले भेवच नाही, त्याच्यासंग नाही धाडत." बाकीचेही तयार झाले.

मॅडम आंबागडच्या. त्यांच्या लहानपणी तेंदूपत्ता तोडून बाया रांगेनं जंगलाबाहेर निघाल्या की सगळ्यात शेवटची बाई थांबायची, वळून बघायची आणि ओरडायची, "मांगं कोनी नाही!" मगच पाऊल उचलायची. मॅडमनी मुलींना हीच शिस्त लावली. एका रविवारी वरठी स्टेशनवर पॅसेंजरमध्ये चढण्या-उतरण्याचा सरावही करवून घेतला. सायलीचा आवाज खणखणीत, म्हणून तिला रांगेच्या शेवटी ठेवलं.

सिंगापुरात सुरुवात मजेत झाली. मुली उंच पाळण्यात बसल्या आणि तो थांबेपर्यंत मॅडम खाली उभ्या राहून देवाचं नाव घेत होत्या.

घात झाला तो मेट्रोत. सगळ्या चढल्या. सायली फलाटावर थांबली, वळून बघितलं, "मांगं कोनी नाही!" ओरडली आणि दार मिटलं. वरठीला गाडी हलली तरी कुणीतरी हात देऊन आत ओढतं. इथं काचेपलीकडून माझ्या पोरीचा चेहरा सरकत गेला.

तिच्याजवळ मोबाईल नव्हता. हरवतील म्हणून मुलींचे सगळे मोबाईल मॅडमच्या पिशवीत होते. ती मागच्या गाडीत चढली तर? कुणी गोड बोलून घेऊन गेलं तर? मागे राहिलेलीनं काय करायचं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. मॅडम पांढऱ्याफटक पडल्या होत्या. "माह्याच शिकवनीनं राहिली पोरगी," एवढंच त्या म्हणाल्या. पुढच्या स्टेशनवर आम्ही सगळ्या उतरलो आणि उलट्या गाडीनं परत निघालो. तेवढ्यात किती वाईट गोष्टी मनात येऊन गेल्या, त्या आजही लिहवत नाहीत.

सायली खांबाला टेकून खाली बसली होती. एक कर्मचारी तिला उठवायला बघत होता आणि ती हलत नव्हती. मी तिला पोटाशी धरलं. मागच्या गाडीत का चढली नाहीस, घाबरली नाहीस का, असं काहीबाही विचारत सुटले.

"कायले भेऊ?" ती म्हणाली. "मॅडम किती भेल्या असतीन, मले मालूम होतं. त्या वापस येतीनच, म्हनून मी हाललीच नाही."

मॅडम तिच्याशेजारी फरशीवर बसल्या आणि तिचा हात धरून सगळ्यांदेखत रडल्या.

यंदा त्या निवृत्त झाल्या. पुढची सहल माझ्याकडे आली आहे. मला फार भीती वाटते, आणि पालकसभेत मी ती सांगणार आहे.