लेहच्या उतारावर

मुलीच्या शाळेची स्की ट्रिप आहे, म्हणून काल आयर्लंडमधल्या आमच्या कॉर्कच्या घरी भाड्याचे स्की बूट आले. पिशवी उघडताच दमट रबराचा वास आला आणि मी थेट लेहला पोहोचले.

लग्नाला वर्षच झालं होतं. लेहला उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी आम्ही शहराजवळच्या एका उतारावर स्कीइंगला गेलो. माझं डोकं फुटत होतं, बूट चढवतानाही धाप लागत होती.

"अभय, मी आज नुसती बसते," मी नवऱ्याला म्हटलं.

तो इन्स्ट्रक्टरकडे बघून हसला. "झाले हिचे नखरे सुरू!"

मी बुटांचे पट्टे आवळले. तिसऱ्या खेपेला तोंडावर आपटले. खोकले, तर बर्फावर गुलाबी फेस पडला.

उंचीवरच्या विरळ हवेने फुप्फुसांत पाणी झालंय, अजून उशीर झाला असता तर कठीण होतं, असं हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी सांगितलं. अभय पायाशी उभा होता, पांढराफटक. मी ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला आणि म्हटलं, "सॉरी रे, तुझी ट्रिप खराब केली."

"असू दे," तो म्हणाला.

इतकी वर्षं मला तो त्याचा समजूतदारपणा वाटायचा. काल मात्र संतापाने मी ते बूट परत पिशवीत कोंबले. मरता मरता वाचले होते मी, आणि त्याने मला माफ केलं होतं!