उतारावर बंद केलेली जीप

आमची जीप डिझेलवर चालते आणि थोडीफार बाबांच्या रागावर. डिझेल महाग झालं की रागाची टाकी फुल होते, त्यासाठी पंपावर लाईन लावावी लागत नाही. रोज सकाळी बारवी धरणाकडच्या पाड्यांवरून माणसं घ्यायची, वाटेत सोनिवलीला नव्या बिल्डिंगमधली दोन-तीन घ्यायची आणि बदलापूर स्टेशनला सोडायची, एवढाच आपला धंदा. बाबा चालवतात. मी मागे लटकून भाडं घेतो आणि नकला करतो. भाडं सगळेच घेतात, नकला फक्त आमच्या गाडीत.

सगळ्यात हिट नक्कल सोनिवलीच्या काकांची. काका अंबरनाथच्या एका फॅक्टरीत ऑफिसर होते. आता रिटायर आहेत, रोज स्टेशनजवळच्या लायब्ररीत पेपर वाचायला जातात. नाकात बोलतात आणि प्रत्येक वाक्य ‘मुद्दा असा आहे’ने सुरू करतात. ‘मुद्दा असा आहे, जरा सरका’ एवढं मी म्हटलं तरी आख्खी जीप हसायची. अर्थात सोनिवली यायच्या आधी.

धरणाकडून येताना एक लांब उतार लागतो. तिथे बाबा इंजिन बंद करायचे. एकटे बाबाच नाहीत, त्या रस्त्याचे सगळेच जीपवाले. कोणी शिकवलं माहीत नाही, पण डिझेल वाढलं की उतारावर बंद करायची जागा थोडी आधी यायची. पॅसेंजरनाही सवय झालेली. इंजिन थांबलं की एकदम शांत, फक्त टायरचा आवाज. ती शांतता म्हणजे माझं स्टेज. नकला मी तिथेच करायचो.

त्या दिवशीही करत होतो. पुढच्या सीटवर भाजीची पाटी मांडीवर घेऊन पाड्यावरची मावशी बसलेली. ती भाजी घेऊन पार उल्हासनगरला कॅम्प पाचपर्यंत जाते, दारोदार विकते. मी काका काढला, सगळे हसले, आणि वळणावर म्हैस उभी. बंद गाडीचा ब्रेक एक-दोनदा लागतो, मग दगड होतो. बाबांनी दोनदा दाबला. तिसऱ्यांदा ते जवळजवळ उभेच राहिले त्या ब्रेकवर. जीप रस्ता सोडून शेतात घुसली आणि बांधाला अडकली. म्हैस तिथेच रवंथ करत होती.

कोणाचं हाड मोडलं नाही, पण मावशीच्या कपाळाला टेंगूळ आलं आणि भाजी चिखलात गेली. मी पाटी उचलून दिली. ती माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, “हसवत व्हतास ना. आता हसव.”

मी चिखलात बसून भाजी वेचायला लागलो.

घरी मी बाबांना सांगितलं, आता उतारावर इंजिन बंद करायचं नाही. केलंत तर मी गाडीत बसणार नाही आणि पॅसेंजरनाही बसू देणार नाही. बाबा म्हणाले, मग भाडं वाढवावं लागेल. दुसऱ्या दिवशी गाडीत विषय काढला. मावशी म्हणाली, भाडा वाढला त मी नाय यायची, पाटी डोक्यावर घेऊन रस्त्यापर्यंत चालेन आणि तिथेच बसेन. तिथे गिऱ्हाईक नाही हे तिलाही माहीत होतं. म्हणजे एकतर सगळ्यांचा जीव उताराला, नाहीतर मावशीचा धंदा घरी.

सोनिवलीला काका चढले. त्यांना टेंगूळ दिसलं, मग सगळं सांगावं लागलं. बाबा म्हणाले, सरकारने डिझेल स्वस्त केलं पाहिजे. काका लगेच सुरू झाले. सरकार भाव खाली ओढेल, पण ते पैसे कुठून आणणार, परत आपल्याच खिशातून. शिवाय स्वस्त डिझेल मोठ्या गाडीवाल्यालाही मिळणार, त्याला कशाला? माझ्या तोंडात त्यांचा नाकातला आवाज आलेला, मी तो गिळला. कारण मोठ्या गाडीवाल्याबद्दलचं त्यांचं बोलणं बरोबर होतं.

म्हणून माझ्याच आवाजात म्हणालो, “काका, सरकारने मधे पडावं का, हा प्रश्नच नाही. ते आधीच मधे बसलंय. प्रत्येक लिटरवर टॅक्स घेतं. आमचं म्हणणं एवढंच, जरा सरकून बसा.”

काकांनी विचारलं, पाड्यांवर एसटी किती येतात? मी सांगितलं, सकाळी एक, तीपण मूडवर. म्हणजे एसटीचं काम आम्ही करतो आणि टॅक्स मात्र फिरायला निघालेल्या कारएवढाच भरतो. स्टेशनला उतरताना काका म्हणाले, हे लिहून आण.

मी अर्ज लिहिला. दोन पानं, नुसती शिवीगाळ, फक्त सभ्य शब्दांत. काकांना दाखवला. त्यांनी लाल पेन काढलं आणि फॅक्टरीत कामगारांच्या रजा उडवत असतील तशा माझ्या ओळी उडवल्या. उरलं एवढंच: जिथे एसटी पुरेशी नाही तिथल्या परवानाधारक प्रवासी गाड्यांना डिझेलवरच्या करात सूट द्यावी. खाली पहिली सही त्यांनी केली. म्हणाले, सरसकट स्वस्ताईच्या मी अजूनही विरोधात आहे, हे लक्षात ठेव. दुसरी सही मावशीची. एकेक अक्षर जोडत, पाटीवर कागद ठेवून.

तोपर्यंत काय करायचं, तेही गाडीतच ठरलं. सोनिवलीवाल्यांनी पाच रुपये जास्त द्यायचे, पाड्यावरच्यांनी जुनंच भाडं, आणि बाबांनी उतारावर इंजिन चालू ठेवायचं. एका टायवाल्याने हा अन्याय आहे म्हटलं. काकांनी त्याला मुद्दा सांगितला, तो उतरेपर्यंत.

हे कायम चालणार नाही, मला माहीत आहे. दोन-तीन जणांच्या चांगुलपणावर रस्ता चालत नाही. म्हणून मी अर्ज घेऊन तहसीलदार ऑफिसात गेलो. खिडकीतले साहेब म्हणाले, हे आमच्या हातात नाही. मी विचारलं, कोणाच्या हातात आहे ते लिहून द्या. ते म्हणाले, सोमवारी या. सोमवारी गेलो. साहेब रजेवर. मंगळवारी गेलो, बुधवारी गेलो, साहेब म्हणायचे उद्या या. बुधवारपर्यंत मला त्या साहेबांचा आवाज हुबेहूब जमायला लागला होता, पण काढला नाही. गुरुवारी मावशी बरोबर आली, रिकामी पाटी घेऊन, आणि खिडकीसमोर खाली बसली. म्हणाली, माजा आजचा धंदा गेलाच हाय, मी बसतंय.

साहेबांनी अर्ज घेतला, पोच दिली आणि लिहून दिलं की विषय ठाण्याला, वरच्या ऑफिसात पाठवत आहोत. मावशीने कागद उलटा-सुलटा करून शिक्का बघितला आणि मला विचारलं, ठाण्याला पयली गाडी कितीला सुटते?