माळ्यावरून येणारी झळ

काही प्रकरणं निवृत्तीनंतर पुसट होतात. हे मात्र झालं नाही. आठवलं की आजही माझं डोकं तापतं, आणि तो राग एकट्या आरोपीवर नसतो.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ठाणे प्रभारी होतो. गावाचं नाव आणि माणसांची नावं सांगणार नाही. त्यांतली बरीच माणसं अजून तिथंच राहतात.

दिवाळी होऊन महिना झाला असेल. थंडी पडू लागली होती. सकाळी मी बंदोबस्तासाठी निघालो होतो, एक पाय जीपमध्ये होता, तेवढ्यात एक तरुण बाई समोर आली. पदराखाली तीन महिन्यांचं लेकरू. पालमकडच्या मेंढपाळ घरातली. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचा. सासू-सासरे मेंढरं घेऊन फिरतीवर होते, त्यामुळे गावातलं घर कुलपात. हे दोघं जिनिंगजवळ एका घराच्या मागच्या भागात भाड्यानं राहत होते.

"साहेब, आमच्या घरात माळ्यावून गरम वारं यायलंय," ती म्हणाली. "दिवसा बी, राती बी. लेकरू झोपंना."

मी म्हणालो, "बाई, लोक शेकोट्या पेटवायला लागलेत आणि तुझ्या घरात फुकटची ऊब येते. नशीब समज."

जीपमधले शिपाई हसले. मीही हसलो. ती हसली नाही. लेकराला सावरून निघून गेली.

ते वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं. मी ते बोललो नसतो तर पुढचं बरंच काही टळलं असतं.

पंधरा-वीस दिवसांनी ती पुन्हा आली. मी ठाण्यात नव्हतो. ठाणे अंमलदारानं तिला सांगितलं, "हा घरमालक आणि भाडेकरूचा वाद आहे. पोलिसांचं काम नाही." स्टेशन डायरीत नोंद नाही, तक्रार अर्जाला पोच नाही. मला कळलं ते संध्याकाळी चहा घेताना, तेही गंमत म्हणून. कारण तो घरमालकच समोर बसला होता.

हा घरमालक म्हणजे शेतकीची पदवी घेतलेला, चाळिशीतला माणूस. बोलणं मऊ. शेतकऱ्यांना फवारणीचा, बियाण्याचा सल्ला द्यायचा, म्हणून सगळे त्याला 'सर' म्हणायचे. आमच्या शांतता समितीचा तो सदस्य. सणावाराच्या बैठकीला पहिल्या रांगेत आणि एरवीही आठवड्यातून एकदा ठाण्यात फेरी. त्याच्यासाठी खुर्ची ओढली जायची. ती बाई दोन्ही वेळा उभी होती.

"बाळंतपणानंतर कधीकधी होतं असं," तो चहाचा घोट घेत म्हणाला. "डोक्यावर परिणाम होतो. बिचारी आहे. मी काही मनावर घेत नाही."

आम्ही माना डोलावल्या. शिकलेला माणूस शांतपणे बोलला की ते आम्हाला खरं वाटतं. अडाणी बाई कळवळून बोलली की ती भांडखोर वाटते. खात्यात तीस वर्षं काढूनही ही खोड माझ्यातून गेली नव्हती.

पौषात ती तिसऱ्यांदा आली. या वेळी बरोबर नवरा होता आणि हातात दवाखान्याची कागदं. लेकरू परभणीला सरकारी दवाखान्यात भरती होतं, त्याची आजी मेंढरं सोडून येऊन त्याच्याजवळ बसली होती. झालं असं होतं की खोलीत राहिलं की लेकरू घामानं निथळायचं, अंगभर घामोळं, दूध ओढायचं नाही. खोलीला खिडकी नव्हती. मग ती त्याला घेऊन बाहेर उंबऱ्यावर बसायची. आत भट्टी, बाहेर काकडा. ओल्या अंगाला वारं लागून छाती भरली, आणि एका पहाटे लेकराला झटका आला. डॉक्टरांनी कागदं भरताना विचारलं, तुम्ही वीटभट्टीवर राहता का?

ही बाई दवाखान्यातून एसटी पकडून घरी गेली नाही, थेट ठाण्यात आली आणि फरशीवर बसली.

"आता मी उठत न्हाई," ती म्हणाली. "कुनीतरी चला आन् हात लावून बगा. खोटं निघालं तर मला आत टाका."

ठाण्यात एक महिला शिपाई होती, नोकरीत नवीन. ती आपण होऊन पुढे आली. "सर, मी जाऊन बघते. माझं काय जातंय?" मी हो म्हटलं. मनात हेच होतं, की एकदाची ही बाई गप्प होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीवर येण्याआधीच ती शिपाई तिकडे गेली आणि तिथून धावतच ठाण्यात आली. माझ्या टेबलासमोर सॅल्यूट करून तिनं एका दमात सांगितलं.

"सर, सगळ्या गल्लीतले पत्रे दवानं ओले आहेत. त्या घराच्या पुढच्या भागातले पण ओले. फक्त मागचा भाग, त्या बाईचा, कोरडा ठाक. त्याच्यावर मांजरं झोपलेत चार. आत गेले तर भिंत गरम. छताला कापड ताणलंय, ते बाजूला केलं तर तोंडावर वाफ आल्यासारखं झालं. आणि सर, वास."

"कसला?"

"आपल्या मुद्देमाल खोलीचा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जप्त केलेला माल न्यायालयाचा आदेश होईपर्यंत ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत पडून असतो. आमच्या खोलीत त्या वेळी गांजाची पोती होती. कपाशीत आणि तुरीत लपवून लावलेला गांजा आम्ही बऱ्याचदा पकडला होता. तो वास नाकात बसतो. पण भर वस्तीत, बंद खोलीत, दिव्यांच्या उजेडावर कोणी गांजा पिकवत असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मग मात्र आम्ही कायद्याप्रमाणे पावलं टाकली. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात एक कागद चुकला तरी आरोपी सुटतो. मिळालेली माहिती लेखी घेतली, तिची प्रत उपविभागीय अधिकाऱ्यांना पाठवली, नायब तहसीलदारांना राजपत्रित अधिकारी म्हणून सोबत घेतलं, दोन पंच, एक फोटोग्राफर. ठाण्यातल्या बाकी कोणालाही कुठं जायचं ते सांगितलं नाही. तोवर मला माझ्याच माणसांची शंका येऊ लागली होती.

आम्ही पोचलो तेव्हा 'सर' ओसरीवर पेपर वाचत होते. "या या, आज सकाळी सकाळी?" असं म्हणून त्यांनी आत चहा सांगितला. मी झडतीचं कारण सांगितलं तेव्हा पेपर हातातून पडला नाही, पण घडी नीट जमेना.

मधल्या खोलीला नवं कुलूप होतं. किल्ली हरवली म्हणाला. मग सापडली. दार उघडलं आणि आमचे डोळे दिपले. भिंतींना चकचकीत कागद, वर झगझगीत दिवे, खाली कुंड्यांमध्ये कमरेएवढी झाडं. खोलीला खिडकी होती, ती आतून विटांनी चिणलेली. एवढे दिवे दिवसरात्र जळणार, तर ती आग कुठंतरी जायलाच हवी.

शिडी लावून मी स्वतः माळ्यावर चढलो. खोलीच्या छतातून जाडजूड नळा वर आणलेला, त्याला पंखा. सगळ्या घरावर पत्र्याचं एकच छप्पर, आणि मधली भिंत पत्र्यापर्यंत पोचत नव्हती. त्यानं माळ्यावर आपल्या बाजूनं थर्मोकोलचे जाड ताव लावून पडदी उभी केली होती, फटी चिकटपट्टीनं बुजवल्या होत्या. नळ्याचं तोंड पडदीच्या पलीकडे, भाडेकरूच्या बाजूला. खाली कापडी छत होतं आणि त्याच्या नेमकं खाली लेकराची झोळी.

कापड बाजूला सारून मी झोळीकडे वरून बघत होतो. पंच खालून विचारत होते, "साहेब, काय आहे वर?" मी फोटोग्राफरला वर बोलावलं.

पंचनामा झाला, झाडं मोजून सील केली, नमुने काढले, नळा आणि पंखाही जप्त केला. आरोपीला अटक करून ठाण्यात आणलं. त्याला खुर्ची ओढायला एक हवालदार सवयीनं पुढे झाला, त्याला मी नजरेनंच थांबवलं.

चौकशीत पहिले दोन तास तो औषधी वनस्पती आणि संशोधन यांबद्दल बोलत राहिला. मी बोलू दिलं. हुशार माणसाला अडवू नये, तो स्वतःच्या हुशारीतच अडकतो. मग मी झाडांचा विषय सोडला आणि विचारलं, "नळा त्या बाजूला का काढला?"

"हवा कुठंतरी सोडावी लागते, साहेब."

"रस्त्याकडे का नाही?"

"वास गेला असता. लोकांना कळलं असतं."

"तुमच्या घराच्या बाजूला?"

"घरात आई आहे, मुलं आहेत. तिकडं सोडून कसं चालेल?"

हे तो इतक्या सहज बोलला की त्यात काही वावगं आहे हे त्याला जाणवलंही नाही. शेजारी माझी महिला शिपाई जबाब लिहीत होती. तिचं पेन थांबलं.

मी विचारलं, "खाली तान्हं लेकरू आहे, माहीत होतं?"

"माहीत होतं."

"ती तक्रार करेल, असं वाटलं नाही?"

तो पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघत म्हणाला, "केली ना. दोनदा केली. ती ठाण्यात येऊन गेली की त्याच दिवशी मला कळायचं. म्हणून तर भाड्यानं असलीच माणसं ठेवली होती, साहेब. तिचं कोण ऐकणार होतं? तुम्ही तरी कुठं ऐकलं?"

नोकरीत गुन्हेगारांनी मला शिव्या दिल्या आहेत, धमक्या दिल्या आहेत. इतकं कधी लागलं नव्हतं. माझी मूठ वळली होती. मी उठून बाहेर गेलो. त्याला मारलं असतं तर त्याचं वाक्य खोटं ठरलं नसतं.

त्याला आतली खबर कोण द्यायचा ते दोन दिवसांत कळलं. आमचाच एक हवालदार; बाई तिसऱ्यांदा आली त्या दिवशी तो रजेवर होता. त्या हवालदाराची चौकशी लावली, बदली झाली. त्याचं म्हणणं एकच, "साहेब, गंमत म्हणून सांगायचो."

बाईचा जबाब मी स्वतः घेतला. आधी मी म्हणालो, "ताई, चुकलं माझं."

"ते ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मी आधी दोन टायमाला आल्ते, ते लिवलंय का?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग आता लिवा. कवा आल्ते, काय बोलले, तुमी काय म्हनलात, समदं. न्हाईतर कोर्टात मलाच इचारतील, लेकरू मरायला टेकलं तवर कामून गप बसली."

मी लिहिलं. माझं ते नशिबाचं वाक्य, शिपायांचं हसणं, अंमलदाराचं उत्तर, सगळं. वाचून दाखवलं. एका ठिकाणी तिनं थांबवलं, "तुमी जीपमदी चढत व्हतात, ते बी टाका." तेही टाकलं. मग तिनं सावकाश, एकेक अक्षर जुळवत सही केली.

लेकरू वाचलं. पंधरवड्यानं दवाखान्यातून सुटलं आणि ते कुटुंब पालमकडे परत गेलं. दोषारोपपत्र वेळेत गेलं. जामिनाच्या सुनावणीत आरोपीच्या वकिलानं तोच जबाब वाचून पोलिसांच्या विश्वासार्हतेवर बोट ठेवलं, पण जप्ती आणि पंचनामा पक्के होते, जामीन मिळाला नाही. मी निवृत्त झालो तेव्हा खटला सुरू होता. साक्षीच्या तारखेला ती बाई लेकराला कडेवर घेऊन, पहिल्या एसटीनं, आमच्याआधी कोर्टात हजर होती.

त्या जबाबावरून वरिष्ठांनी माझ्याकडे खुलासा मागितला. एका सहकाऱ्यानं सुचवलं होतं, की आधीच्या तक्रारींचा परिच्छेद गाळता आला असता. मी खुलाशात एवढंच लिहिलं, की जबाबात लिहिलेलं खरं आहे. मला लेखी ठपका मिळाला.

आम्हाला गुन्हा ओळखायला शिकवतात. पण गुन्हेगारानं आम्हाला किती अचूक ओळखलं होतं ते मला त्या खोलीत बसून कळलं. त्यानं कुलपावर, विटांवर जेवढा भरवसा ठेवला, त्याहून जास्त आमच्या सवयीवर ठेवला होता. कोणाला खुर्ची द्यायची आणि कोणाला दारातून परत पाठवायचं, ही आमची सवय. आणि ती त्याच्या मनासारखी चालली, एक बाई फरशीवर बसून 'उठत न्हाई' म्हणेपर्यंत.

माझ्या सेवापुस्तकात बक्षिसांची पानं बरीच आहेत. नातवंडांना कधी ते दाखवायची वेळ आली, तर मी आधी ठपक्याचं पान उघडेन.