चिचुंद्रीचा नातलग

स्वयंपाकघरात चिचुंद्री शिरली की तिचा उग्र वास घरभर होतो आणि मला एका जागी बसवत नाही. सून म्हणते, "बाबा, चिचुंद्रीच आहे, वाघ नाही."

चंदीगडला मी कॉलेजात शिपाई होतो. पंजाबातल्या अतिरेक्यांच्या बॉम्बचे दिवस होते ते. आमच्या प्राणिशास्त्राच्या बाईंना वर्गात दाखवायला जाहक, म्हणजे अंगावर काटे असलेला तो छोटा प्राणी, हवा होता, म्हणून पंचकुल्याहून तो पत्र्याच्या डब्यात घालून मी सायकलवर आणत होतो. तपासणी नाक्यावर डबा खुडबुडला आणि जवानानं बंदूक माझ्या छातीवर रोखली. मी झाकण काढलं. आत नुसता काट्यांचा गोळा.

"ये क्या है?"

"कांटा चूहा. नाम का चूहा, रिश्तेदार छछूंदर का." नावाचा उंदीर, पण नातलग चिचुंद्रीचा, बाईंनी तसंच शिकवलं होतं. बंदूक बघून मी चुकीचं कशाला सांगू?

"खोल इसे."

"आवाज बंद करो, तब खुलेगा."

सगळे गप्प झाले. मागच्या ट्रकवाल्यानंही इंजिन बंद केलं. बऱ्याच वेळानं गोळ्यातून लांबट ओलं नाक बाहेर आलं आणि हवा हुंगू लागलं. जवान म्हणाला, "सच में, छछूंदर जैसा ही है."

बंदूकवाल्यांना गप्प केलं, हे मी वर्षानुवर्षं मिशीला पीळ देत सांगितलं. तो जवान माझ्या थोरल्याच्या वयाचा होता आणि बंदुकीच्या घोड्यावरचं त्याचं बोट सारखं थरथरत होतं, हे मात्र आता डोळ्यांपुढून हलत नाही. त्या शांततेत कुणी नुसतं खोकलं असतं तर?

सून झाडू उचलते. मी येरझारा घालत सांगतो, "दार उघडं ठेव, जाईल ती. आवाज तेवढा करू नका."