चार गोल्डफिश आणि मुरवलेलं पाणी

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली. कोणी विषय काढलाच तर "मासे मेले, ड्रम खराब होता" एवढं बोलून पुढे जायचो. बायकोलाही मी तेवढंच सांगितलं आहे. आता पंचाहत्तरी उलटली, आणि ज्याला खरं कळायला हवं होतं तो राहिला नाही. म्हणून लिहून ठेवतो.

ऐंशीच्या दशकाची अखेर असेल. मी जळगावला एका सरकारी कार्यालयात कारकून होतो. लग्न व्हायचं होतं. आई आणि मी, दोघंच एका चाळवजा इमारतीत पहिल्या मजल्यावर राहत होतो. तिशीतच केस गेल्यामुळे ऑफिसात मला सगळे नाना म्हणत. शेजारच्या टेबलावर एक ड्राफ्ट्समन बसायचा, माझ्याहून चारेक वर्षांनी लहान. तो मूळचा धुळ्याचा, बौद्ध कुटुंबातला. हात असा स्थिर की शाईची रेघ ओढताना श्वाससुद्धा रोखायचा नाही. त्याला एकच वेड होतं, गोल्डफिशचं. अंगठ्याएवढे आणलेले चार मासे त्याने तीन वर्षांत तळहाताएवढे केले होते.

त्याची चार महिन्यांसाठी धुळ्याला नेमणूक झाली. तिथे तो चुलत्यांच्या दोन खोल्यांत पथारी टाकणार होता. खोली भाड्याने शोधली नव्हती असं नाही. घरमालक आडनाव विचारत, आणि मग खोली अचानक भाच्याला दिलेली निघे. हे तो हसत हसत सांगायचा.

"नाना, मासे कुठं नेऊ? चार महिने सांभाळाल का? जिवंत परत पाहिजेत बरं."

"आण. त्यात काय एवढं," मी म्हणालो.

पुढच्या शनिवारी हातगाडीवर सगळं सामान आलं. लोखंडी स्टँड, तीन फुटी काचेची टाकी, हवेचा पंप, स्पंजचा फिल्टर, रबरी नळी, निळा प्लॅस्टिकचा मोठा ड्रम, आणि डब्यांत मासे नि त्यांचं जुनं पाणी. स्टँडवर त्याने आधी थर्माकोल ठेवलं, त्यावर टाकी. डब्यांतलं पाणी भरून खाली वर्तमानपत्र पसरलं आणि तासभर नुसता बघत बसला, कागद कुठे ओला होतो का ते. मी हौसेने बाजारातून रंगीत खडे आणि एक प्लॅस्टिकचा पाणबुड्या आणून ठेवला होता. त्याने दोन्ही पिशवीत परत घातले.

"तळ उघडाच ठेवायचा. नुसती काच."

"भकास दिसेल रे."

"नाना, गोल्डफिश म्हणजे पाण्यातली म्हैस. खाईल तेवढं टाकते. खडे घातले की ते खाली अडकतं, सडतं, आणि आपल्याला पत्ता नाही. काच असली की घाण समोर दिसते. नळी लावायची, ओढून घ्यायची. पाणबुड्या तुमच्या टेबलावर ठेवा, फायलींत बुडायला."

मग त्याने ड्रम धुऊन स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवला, कारण नळ तिथेच होता. नळाला रोज सकाळ-संध्याकाळ तासभर पाणी यायचं. ते ड्रममध्ये भरून तोंड उघडं ठेवायचं. दोन दिवसांनी ब्लीचिंग पावडरचा वास गेला की मगच टाकीत घालायचं. "कितीही घाई असली तरी नळाचं ताजं पाणी नाही. कल्ले जळतात त्यांचे." तो बाह्या सरसावून, कोपरापर्यंत हात घालून ड्रम ढवळत होता. आई ओट्याशी उभी राहून बघत होती.

जाताना त्याने चहा घेतला. त्याचा कप खिडकीत वेगळा असायचा. दोन वर्षं तो त्याच कपात चहा पीत होता, आणि मी, जयंतीच्या कार्यक्रमात ऑफिसात समतेवर भाषण करणारा, तो कप रोज पाहत होतो.

रविवारी मी बाजारातून परतलो तेव्हा ड्रम मोरीत आडवा होता. आई राखेने आतून घासत होती.

"माय, पाणी कुठंय?"

"बठ्ठं फेकी दिधं. ड्रम घासाना व्हता." आई सोनगीरजवळच्या खेड्यातली. शहरात वीस वर्षं काढूनही तिची बोली तशीच होती.

"अगं, ते माशांसाठी शिळं करायला ठेवलं होतं."

"मासास्ले काय समजस शिळं नी ताजं? मना पेवाना पानीजोडे ठेवाले नको."

पिण्याच्या पाण्याजवळ ड्रम का नको, ते ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही. दोघांनाही ते ठाऊक होतं. मी निमूटपणे ड्रम पुन्हा भरला.

पुढे हाच क्रम बसला. एक शनिवार आड तो धुळ्याहून बसने यायचा, रात्री ऑफिसातल्या एका मित्राकडे मुक्काम करायचा. आल्या आल्या टाकीसमोर उकिडवा बसायचा, मासे मोजायचा. चारच होते, तरी मोजायचा. ड्रम उपसून पुन्हा भरायचा, त्यात हात घालून खाली काही साचलंय का बघायचा. दुसऱ्या दिवशी आई ड्रम रिकामा करायची. मी तो भरायचो आणि पुढचे दोन दिवस देवाला हात जोडायचो, कारण त्या दोन दिवसांत टाकीचं काही बिघडलं तर घालायला मुरलेलं पाणी घरात थेंबभर नसायचं. ड्रम गच्चीच्या जिन्यात हलवता आला असता. पण मग 'का हलवला' असं त्याने विचारलं असतं. आईशी बोललो असतो तर घरात तोंड वाजलं असतं. मला दोन्ही नको होतं. दोन महिने असेच निभले आणि मला वाटू लागलं, निभतंय की.

मे महिन्यातला रविवार होता. आदल्या दिवशी तो येऊन गेला होता. सकाळी नळ आला, आईने ड्रम उपडा करून घासला आणि भरला. त्या आठवड्यात गावात काविळीची साथ होती. नळाच्या पाण्याला पावडरचा असा वास होता की घोट घेताना नाक मुरडावं लागे. दहाच्या सुमारास वीज गेली आणि पंप थांबला. आदल्या रात्री मी माशांना दाणे जरा जास्तच टाकले होते. ते उघड्या काचेवर पांढुरके फुगून पडलेले मला स्पष्ट दिसत होते, मी नळी लावायचा कंटाळा केला होता. अकरापर्यंत पाणी ताकासारखं झालं. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले.

अर्धं पाणी बदलायला हवं होतं, आणि ताबडतोब. मी शेजारच्या अक्कांकडे बादली घेऊन धावलो.

"अक्का, कालचं पाणी आहे का? नळाचं नको, कालचं."

"कालचं?" त्या हसल्या. "आज नळ आला ना भाऊ. कालचं कोण ठेवतं? सकाळीच तुळशीला अन मोरीत."

खालच्या मजल्यावर तेच. समोरच्या इमारतीत तेच. सकाळी नळ आला की घरोघरी हंडे-कळशा पालथ्या घालून घासायच्या आणि ताजं भरायचं, ही आमच्याकडची रीत. उभ्या गल्लीत एका दिवसाचं शिळं पाणी कोणाकडे नव्हतं. शिळं पाणी असलं असतं ते फक्त माझ्याच घरात, त्या ड्रममध्ये. आदल्या दिवशी त्याने भरलेलं, पुरतं मुरलेलं नसलं तरी अर्धं तरी. ते सकाळी मोरीतून गेलं होतं.

त्यालाच बोलावता आलं असतं. तो गावातच होता, संध्याकाळच्या बसने जाणार होता. सायकलने पंधरा मिनिटं. पण त्याने आल्याबरोबर ड्रमचा वास घेतला असता आणि विचारलं असतं, माझं पाणी कुठे गेलं? सायकलची किल्ली मी हातात घेतली आणि परत खुंटीला लावली. ड्रममधून दोन बादल्या काढून टाकीत ओतल्या.

पहिली दहा मिनिटं मासे तरतरीत वाटले. मग सर्वांत मोठा, ज्याच्या शेपटीला पांढरी किनार होती तो, एकदम उसळून काचेवर आदळला. दुसरा तिरका पोहू लागला. त्यांचे कल्ले लालभडक झाले. मी पाणी हाताने ढवळलं, पुठ्ठ्याने वारा घातला. आई मागे येऊन उभी राहिली.

"मरी ग्यात का?"

"अजून नाही."

तीनच्या आत चारही गेले.

चार वाजता, बसला जाण्याआधी माशांना बघायला तो आला. जिन्यातच त्याला माझा चेहरा दिसला असावा. तो काही न विचारता आत गेला, टाकीसमोर उकिडवा बसला. मग पांढऱ्या किनारीचा मासा हातात घेऊन त्याने बोटाने कल्ला उचलून पाहिला.

"जळालेत," तो म्हणाला. "पाण्यात काहीतरी होतं. नाना, पाणी ड्रममधलंच ना?"

"ड्रममधलंच."

ते खोटं नव्हतं. म्हणूनच ते मला इतक्या सहज बोलता आलं.

तो ड्रमपाशी गेला आणि वाकून वास घेतला. पावडरचा वास त्याला आला नसेल असं नाही, पण त्याच्या मनात माझ्यावर संशयाला जागाच नव्हती. त्याने कारण स्वतःतच शोधलं.

"हा ड्रम मी गोडाऊनमधून आणला होता. आधी त्यात फिनेल असायचं. दहादा धुतला, पण प्लॅस्टिकमध्ये मुरलं असेल. काल मी तळाला खरडलं, तेच सुटलं असणार." तो माझ्याकडे वळला. "माझंच चुकलं नाना. तुम्ही इतकं सांभाळलं, आणि माझ्याच हाताने..."

त्याने चक्क माझी माफी मागितली.

गप्प राहिलो असतो तरी तो गुन्हा निम्मा राहिला असता. पण मी म्हणालो, "मलाही जरा वास आला होता. तुला कसं बोलावं, म्हणून गप्प बसलो."

त्याने मान हलवली. चारही मासे वर्तमानपत्रात गुंडाळले, टाकी कोणालाही देऊन टाका म्हणाला आणि बस गाठायला निघून गेला. त्या दिवशी त्याने चहा घेतला नाही.

संध्याकाळी आई ओट्याशी भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "पानी मी फेकं व्हतं. तू काबर सांगं नही त्याले?"

आईच्या भीतीने गप्प राहिलो, हे मी स्वतःला दिवसभर बजावत होतो. तिनेच 'का सांगितलं नाहीस' म्हणून विचारलं आणि तो आधारही गेला.

त्याची नेमणूक धुळ्यालाच कायम झाली. पत्रं येत, दिवाळीला भेटकार्ड येई. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, एका लग्नाला धुळ्याला गेलो असताना त्याच्या घरी गेलो. स्वतःचं छोटं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, सात-आठ वर्षांची मुलगी. त्याच्या बायकोने आग्रहाने जेवायला बसवलं. मुलगी वडिलांच्या मागे लागली होती, मैत्रिणीकडे गोल्डफिश आहेत, आपल्याकडेही आणा.

"नको गं बाई," तो म्हणाला. "माझ्या हाताला मासे लाभत नाहीत. विचार या काकांना. यांच्या घरी चार मासे मीच मारले, ड्रम नीट न धुता."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. "खरंच, काका?"

घासासकट माझा हात ताटात थांबला. वाक्य तयार होतं. बसमध्ये धुळ्यापर्यंत मी तेच घोळवत आलो होतो. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "जुनी गोष्ट आहे बेटा."

त्याने माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

पुढे काही वर्षांनी तो गेल्याचं ऑफिसातल्याच कोणाकडून कळलं, तेही महिनाभराने. मी त्याच्या घरी गेलो नाही. मुलगी आता मोठी झाली असेल, तिच्या वाचनात हे येईल की नाही माहीत नाही. तिने त्या दिवशी मला सरळ विचारलं होतं आणि तिला मी उत्तर दिलं नाही. त्या ताटावर बसून बोलायचं राहिलेलं वाक्य असं होतं: नाही बेटा, तुझ्या वडिलांनी मासे मारले नाहीत. त्यांनी भरलेलं पाणी चांगलं होतं. त्यांचा हात लागला म्हणून आमच्या घरात ते ओतून दिलं जात होतं, दर वेळी, आणि मला ते माहीत होतं. आणि मित्रा, मला माफ कर रे.