साहेबांचं झाड गार्ड-रूममध्ये

"मेश्राम मॅडम, सच बताइए. मर गया ना?"

मल्होत्रा साहेबांच्या टेबलावर कुंडी होती आणि कुंडीत हातभर उंचीचं बोडकं खोड. एक पान नाही. सात आठवड्यांपूर्वी मीच ते करवतीने कापलं होतं. मी नखाने साल किंचित खरवडली. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत, तपकिरी दिसलं तर संपलं. आमच्या धंद्यातली ही नाडीपरीक्षा. वरच्या भागात हिरवं निघालं. बुंध्याशी मात्र एका बाजूला खोड बोटाला मऊ लागलं.

"जिंदा है, सर," मी म्हटलं. बुंध्याचं काही सांगितलं नाही.

मी मूळची नागपूरची. दिल्लीत सरकारी उद्यान खात्यात नोकरी केली, निवृत्त झाले आणि आता नोएडातल्या ऑफिसांची झाडं सांभाळते. मल्होत्रा साहेबांचा पॅकेजिंगचा कारखाना आहे. तो सुरू झाला त्या दिवशी त्यांच्या पत्नीने, सविताजींनी, रिसेप्शनमध्ये शेफलेराची एक छोटी कुंडी ठेवली होती. एका देठाच्या टोकाला सात-आठ पानं छत्रीच्या काड्यांसारखी पसरतात, ते झाड. वीस वर्षांत ते छताला टेकलं. मधल्या काळात सविताजी गेल्या. यंदा रिसेप्शनचं रिनोव्हेशन निघालं आणि डिझायनर म्हणाला, हे झाड हटवा.

"फेंकूँगा नहीं," साहेब मला म्हणाले होते. "सविता का लगाया हुआ है. आप इसको छोटा कर दीजिए, बोनसाय. मेरी टेबल पर रहेगा."

बोनसाय ही झाडाची बुटकी जात नव्हे. वाढू शकणारं झाड छाटून, त्याची मुळं आवरून उथळ कुंडीत लहान ठेवायचं, एवढंच. बहुतेक झाडांच्या फांद्यांना तार गुंडाळून बाक देतात. शेफलेराला तार फारशी मानवत नाही. कोवळी फांदी तार काढली की पुन्हा सरळ होते, जुनी वाकवायला गेलं की काडकन मोडते. त्याला वळण लावायचं ते कात्रीनेच. पेराच्या वर कापायचं, फुटवा येईल तिकडे वाढू द्यायचं आणि पुन्हा कापायचं. धीर हवा. पण एक गुण त्याच्यात मोठा आहे. हवा दमट असली की ते खोडातून वडासारख्या पारंब्या सोडतं. माझी मुलगी दिल्लीत वाढलेली, तिला मी हे सांगायला गेले तर आधी पारंब्या म्हणजे काय ते सांगावं लागलं.

मार्च संपता संपता मी खोड कापलं, तेव्हा साहेब भिंतीकडे तोंड करून उभे होते. कापलेले शेंडे मी घरी बादलीत लावले. ते लगेच मुळं धरतात. पण ते माझ्या समाधानासाठी. सविताजींचा हात लागला होता तो या खोडाला. ते मेलं असतं तर दुसरं देऊन भागणार नव्हतं.

आता मी केबिनभर नजर फिरवली. एसी अठरावर. पडदे बंद. मधल्या काळात मी दोनदा येऊन गेले होते. माती ओली दिसली, साहेब वेळेवर पाणी देतायत असं समजून खूश झाले. चूक माझीच.

"पानी कौन देता है?"

"मैं. सुबह."

पॅन्ट्रीतल्या बाई दारात होत्या. त्या म्हणाल्या, दुपारी त्या देतात. रिसेप्शनिस्ट चार वाजता देत होती. अकाउंट्सचे गुप्ताजी घरी जाताना आपली बाटली कुंडीत रिकामी करत होते. साहेबांचं झाड, मग प्रत्येकाला माया. अति तिथे माती म्हणतात. इथे मातीचाही चिखल झाला होता.

मी सडलेला भाग कापून टाकला, चिखल धुऊन काढला, जाड वाळू मिसळलेली नवी माती भरली. आता हवा होता उजेड, ऊब, दमट हवा आणि पाणी घालणारा एकच हात. जागा शोधत मी सगळा कारखाना फिरले. गच्चीवर मे महिन्याची भाजून काढणारी लू. कॅन्टीनमध्ये धूर. लेडीज वॉशरूम अगदी योग्य होती, पण साहेबांना तिथे झाड बघायला जाता आलं नसतं. शेवटी गेटजवळ ओल्या गवताचा वास आला. नागपूरच्या माणसाला हा वास लांबूनही कळतो. गार्ड-रूमला तीन बाजूंनी काचा होत्या आणि खिडकीत ओल्या गवताच्या जाळ्यांचा भला मोठा डेझर्ट कूलर घरघरत होता. आत उजेड भरपूर, हवा दमट.

"मेरी वाइफ का पौधा गार्ड-रूम में?" साहेबांचा आवाज चढला.

"सर, आईसीयू समझिए."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "विज़िटिंग आवर्स?"

"जब आप चाहें."

गार्ड रामपालजी निवृत्त फौजी. त्यांना मी सांगितलं, बोटाचं पहिलं पेर मातीत घालायचं, कोरडं लागलं तरच पाणी. दुसऱ्या कोणाला घालू द्यायचं नाही. "बिना एंट्री के यहाँ परिंदा पर नहीं मारता, मैडम," ते म्हणाले आणि त्यांनी झाडासाठी वेगळं रजिस्टर सुरू केलं. नाव, आत आल्याची वेळ, किससे मिलना है, बाहेर गेल्याची वेळ, सही. पाणी दिलं की समासात तारीख. संध्याकाळी गुप्ताजी बाटली घेऊन आले. रामपालजींनी बाटली बाहेर ठेवायला लावली आणि पेन पुढे केलं. गुप्ताजी परत फिरकले नाहीत.

दोन आठवड्यांनी रामपालजींचा फोन आला. "मैडम, पेशेंट को फुंसियाँ निकली हैं."

मी कॅब करून धावले. जुन्या पानांच्या खुणांपाशी पुटकुळ्यांसारखे सात हिरवे ठिपके होते, नवे फुटवे. भर गेटवर माझे डोळे भरून आले. मग मी चार ठेवून तीन खुडले, कारण आकार हवा तर गर्दी नको. रामपालजींनी त्या तिघांची बाहेर गेल्याची वेळ रजिस्टरात लिहिली.

पावसाळ्यात पारंब्या सुटल्या. रामपालजींनी ज्यूसच्या पाकिटांचे स्ट्रॉ जमवले. मी ते उभे चिरून एकेका पारंबीभोवती बसवले, म्हणजे ती आत ओलसर राहते आणि सरळ मातीत उतरते. दिवाळीच्या आधी झाड उथळ कुंडीत गेलं. तीन पारंब्या मातीला टेकलेल्या, वर चार छोट्या छत्र्या. डिझायनरने साहेबांच्या केबिनमध्ये त्याच्यासाठी दिव्याचा कोनाडा करून ठेवला होता. मी झाड न्यायला गेले.

निघण्याआधी पाण्याच्या तारखा बघायला रजिस्टर उघडलं. तारखा चोख होत्या. रोज चारच्या सुमारास एकच सही होती, साहेबांची. मे महिन्यात ते दहा मिनिटं बसत होते, पुढे वीस, आता पाऊण तास. "किससे मिलना है" या रकान्यात सुरुवातीला "प्लांट" लिहिलेलं. जुलैपासून रोज "सविता".

मी रजिस्टर मिटलं. तेवढ्यात साहेब आले. "ले चलें?"

"सर, केबिन में एसी है. ये जड़ें सूख जाएँगी." हे शंभर टक्के खरं होतं, म्हणून मला सांगायला सोपं गेलं.

"तो यहीं रहने दें?"

"मेरी प्रोफेशनल राय तो यही है."

साहेबांनी आपली खुर्ची झाडाजवळ ओढली आणि रामपालजींकडे पेन मागितलं.

कोनाड्यात आता प्लास्टिकचं बोनसाय आहे. गुप्ताजी त्याला पाणी घालतात, असं ऐकते. मी या सगळ्यातून एवढंच शिकले, की नव्या क्लायंटकडे गेल्यावर ऊन कुठून येतं आणि एसी कितीवर असतो, हे नंतर विचारायचं. आधी विचारायचं, झाड लावलं कोणी.