आतोबांचं नाक

दारूचा थेंबही न घेता दारूचं इतकं देखणं वर्णन करणारा माणूस अख्ख्या जुन्नर-आंबेगावात आमच्या आतोबांखेरीज दुसरा नव्हता. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, राहणार पिंपळवंडी. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली. निवृत्तीनंतर घोडेगावच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी घायपातापासून दारू गाळणारा एक छोटा कारखाना निघाला, आणि शनिवार-रविवारी पुण्याच्या पाहुण्यांना तो दाखवून आणायचं काम आतोबांनी धरलं. नारायणगावच्या स्टँडवर जीप भरताना ते तीनदा माणसं मोजत आणि जीपमध्ये चारच जण असले तरी "पुढं सरका, पुढं सरका" म्हणत.

त्यांचा क्रम ठरलेला असे. आधी माळावर उतरवून प्रत्येकाला घायपाताच्या काट्याला बोट लावायला सांगायचं. मग वाटेतल्या वस्तीवर एक म्हातारी घायपाताच्या वाखाचे दोर वळायची, तिच्यापुढे सगळ्यांना बसवायचं. हातभर दोर वळल्याशिवाय कुणालाही पेला मिळत नसे. एकदा एक तरुण वैतागून म्हणाला, "काका, आम्ही दोर वळायला नाही आलो."

"दारू तर घरीबी पिता येती, पावणं," आतोबा शांतपणे म्हणाले. "मंग हितवर कशाला आलात?"

तो मांडी घालून बसला.

कारखान्यात गेल्यावर मात्र आतोबांचा आवाज देवळात आल्यासारखा खाली येई. खड्ड्यात भाजलेले घायपाताचे गड्डे, रस आंबवायची पिंपं, तांब्याचा हंडा, सगळं दाखवून झालं की ते पेला नाकाशी धरत आणि डोळे मिटत. "चुलीतलं रताळं. मागनं जरा गूळ. आन् पार शेवटाला, उन्हात तापलेला दगुड." पाहुणे घोट घेत आणि माना डोलवत. चव जिभेची, पण वाट दाखवायची आतोबांच्या नाकाने.

गेल्या वर्षी त्यांना मोठा ताप आला. बरे झाले, पुन्हा जीप भरू लागले. पुढे काही महिन्यांनी मी ऑफिसातल्या मंडळींना घेऊन गेलो. आतोबांनी पेला नाकाशी धरला, डोळे मिटले, रताळं, गूळ, दगड, सगळं सांगितलं. माझ्याबरोबरच्या एक बाई पेला खाली ठेवत म्हणाल्या, "काका, ह्याला करपल्याचा वास येतोय."

मीही हुंगलं. खरंच करपट वास होता. हंड्यात रस तळाशी लागला असावा. आतोबांनी पेला पुन्हा नाकाशी नेला, बराच वेळ धरला, आणि खाली ठेवला.

"बाई, तुमचं बराबर आसंल," ते म्हणाले. "मला वास येत न्हाई. ताप आल्यापास्नं कशाचाच येत न्हाई. मी पाठ केलेलं सांगत व्हतो. माफ करा."

कारखान्याचा मालक भला माणूस, त्याने तो माल बाजूला काढायला लावला आणि आतोबांच्या खांद्यावर हात ठेवला. पण परतताना आतोबांनी स्टँडवर माणसं मोजली नाहीत, आणि पुढच्या शनिवारपासून घरी बसले.

आत्याला मी हे सांगायला गेलो, तर तिला ठाऊकच होतं. "दूध उतू जाऊन जळालं, आन् हे शेजारी पेपर वाचत बसल्यालं. तवाच कळलं मला. बोलले न्हाई मी. लपवत्यात तर लपवू द्यावं."

महिनाभर तिने वाट पाहिली. मग एका शनिवारी इरकल नेसून ती जीपमध्ये पुढे बसली. ज्या आत्याने दारूच्या दुकानावरून जाताना कायम पदर नाकाला लावला, तिने कारखान्यात पेला हातात घेतला, लांबूनच हुंगला आणि आतोबांच्या कानाशी म्हणाली, "पुरणाला चटका बसल्यावानी. पर ग्वाड हाय." आतोबांनी ते पाहुण्यांना मोठ्याने सांगितलं आणि वर म्हणाले, "नाक हिचं हाय. मी निस्ता बोलणार."

आता तिचं जाणं नेमाचं झालं आहे. परवा मीही जीपमध्ये होतो. पाहुणे उतरून गेले होते. नारायणगावच्या बाजाराजवळ टोमॅटोच्या क्रेटांनी रस्ता अडला होता. आतोबांनी खिडकीची काच खाली केली आणि आत्याकडे न बघता विचारलं, "कसला येतोय गं?"

आत्या सांगू लागली. टोमॅटो, डिझेल, कुणाच्या तरी गाड्यावरची भजी, ओलं बारदान. ती एकेक सांगत होती आणि आतोबा डोळे मिटून ऐकत होते. रस्ता केव्हाच मोकळा झाला होता. ड्रायव्हरने आरशातून दोघांकडे पाहिलं, आणि जीप तशीच उभी ठेवली.